रविवारची धार

आम्ही पोचलो तेव्हा मी मोजलं. गोठ्यात जनावरं अकरा: दुभत्या गाई सहा, गाभण दोन, कालवडी तीन. वासरं चार, ती वेगळ्या खोपटात. बादल्या पाच, त्यांतली एक बुडाला गळकी. दुधाचे कॅन दोन, झाकण एक. लिटरचं माप एक, त्याच्या आतल्या रेघा घासून पुसट झालेल्या. राहायच्या घरात खोल्या तीन. पहिलीत एक टेबल आणि दोन खुर्च्या, दुसरीत ओटा, तिसरीत खुराकाची चौदा पोती, भिंतीला लागून छातीइतकी रचलेली. पलंग नव्हता. पंखा होता, पण तो नेमका पोत्यांच्या वर होता, आणि सुरू केला की खोलीभर कोंडा उडायचा.

आई दारातच उभी राहिली. "झोपायचं कुठे?"

"होईल सोय," बाबा म्हणाले.

हे वाक्य आई लग्न झाल्यापासून ऐकत आली आहे. तिने पदर खोचला आणि पहिल्या पोत्याची दोन टोकं धरली. उरलेली दोन मी धरली. बाबा मुकादमाशी बोलायला बाहेर गेले.

बाबांनी आयुष्यभर मिशनचा छापखाना चालवला. पत्रिका, गीतांची पुस्तकं, बायबलचे सुटे भाग. अक्षरं जुळवून जुळवून त्यांची बोटं अशी झाली होती की बोलतानासुद्धा हवेतून काहीतरी उचलून रांगेत लावल्यासारखी हलायची. दर रविवारी उपासना तेच चालवायचे, म्हणून लोक त्यांना पास्टर म्हणायचे. छापखान्याच्या आवारातच मिशनचं छोटं प्रसूतिगृह होतं, आणि तिथे आई नर्स होती. अर्ध्या वस्तीची पोरं तिच्या हातावर जन्मली.

मग एका दुपारी मिशनच्या सेक्रेटरींचा फोन आला. छापखाना महिनाअखेर बंद होतोय, आता सगळे मोबाइलवर वाचतात. तुम्हाला डेअरीच्या सेवेत पाठवायचं ठरलंय. देवाने नवीन दार उघडलंय, पास्टर.

बाबा "आमेन" म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांनी मला विचारलं, "आपली डेअरी आहे कुठे?"

आईने त्यांच्या हातून फोन घेऊन परत लावला. "आणि माझ्या सेवेचं काय ठरलं?"

"बाई, तुम्ही तर सोबत आहातच," सेक्रेटरी म्हणाले.

हे वाक्य आईला चांगलंच झोंबलं. भांडी घासताना, पोती ओढताना, गोठ्याच्या कडेने शेण चुकवत चालताना ती ते मधूनच म्हणायची. "माझं काय, मी सोबत आहे." बाबा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

मी नुकतीच सूक्ष्मजीवशास्त्रात पदवी घेतली होती. पुढच्या प्रवेशाचे निकाल लागेपर्यंत मला दुसरं काम नव्हतं, म्हणून मीही सोबत होते.

चढावर मिशनचं वसतिगृह होतं. ऐंशी मुलं. त्यांना रोज तीस लिटर दूध लागायचं. गोठ्याचे आधीचे व्यवस्थापक सोडून गेल्यावर कमिटी गाई विकायच्याच विचारात होती. सेक्रेटरींनी स्पष्ट सांगितलं होतं: उन्हाळाभर तीस लिटर टिकलं तर गोठा राहील. नाही तर गाई विकू, आणि तुमचं मग बघू.

"मग बघू म्हणजे परत बांधाबांध," आई म्हणाली. "ऐकून ठेवा दोघं. मी आता एक दोरीसुद्धा बांधणार नाही. पुरायचं तर इथेच पुरा मला."

आणि ती कामाला लागली. घराच्या व्हरांड्यात तिने एक बाक, एक पडदा आणि उकळत्या पाण्याचं पातेलं मांडलं. आधी वसतिगृहाच्या मुली आल्या, खरूज आणि पोटदुखी घेऊन. मग आसपासच्या वाड्यांतल्या बायका येऊ लागल्या. जवळचा दवाखाना बसने अर्ध्या दिवसावर होता. एक पोटुशी बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन चालत आली, तेव्हा आई तिला इतकं बोलली की ती रडायला लागली, आणि दुसऱ्या आठवड्यात तीच बाई आपल्या दोन जावांना घेऊन परत आली. आई संध्याकाळी हात धुताना गुणगुणू लागली होती. मी ते बाबांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी त्यावर प्रवचन केलं असतं.

गोठ्यात दोन माणसं कामाला होती. एक मुकादम. त्याच्या हाताखाली बायको सोडून कुणी नव्हतं, तरी सगळे त्याला मुकादमच म्हणायचे. त्याची एक पापणी अर्धी मिटलेली असायची, त्यामुळे तो नेहमी आपल्याला तोलतोय असं वाटायचं. दुसरी त्याची बायको, मामी. मामी शेण काढायची, गवत कापायची, वासरांना बाटली धरायची आणि नवऱ्याच्या प्रत्येक वाक्यानंतर "ऐका" म्हणायची.

बाबा गाईंना घाबरायचे. जवळून जाताना ते एका अंगाने, भिंतीला पाठ लावून जायचे. एकदा शेपटीचा ओला फटका त्यांच्या चष्म्यावर बसला आणि ते गाईला "माफ करा" म्हणाले.

मुकादम गव्हाणीवर हात ठेवून गंभीरपणे म्हणाला, "तिने केलं माफ, साहेब."

"ऐका," मामी म्हणाली.

पहिल्याच रविवारी बाबांनी गोठ्यासमोर दोघांना बोलावलं. उपासना नुकतीच संपली होती, त्यांच्या अंगात इस्त्रीचा शर्ट होता.

"तुम्ही दोघं सातही दिवस राबता," ते म्हणाले. "हे बरोबर नाही. विसावा माणसाचा हक्क आहे. आमच्या छापखान्यात रविवारी एक चाक फिरत नव्हतं. आजपासून रविवारी सकाळची धार काढा, चारा-पाणी करा आणि घरी जा. संध्याकाळची धार बंद. सोमवारी थोडं लवकर या."

मुकादमाची उघडी पापणीही जराशी खाली आली. "संध्याकाळची धार बंद."

"हो."

"गाईंना विचारलंत का, साहेब?"

बाबा मोकळेपणाने हसले. त्यांना तो विनोद वाटला. मलाही वाटला. मुकादमाने बायकोकडे पाहिलं, खांद्यावरचा टॉवेल झटकला आणि म्हणाला, "साहेब म्हणतात तर सुट्टी." त्याला कित्येक वर्षांत रविवारची संध्याकाळ मिळाली नव्हती. त्याने दोनदा सांगितलं असतं तर बाबांनी ऐकलं असतं, पण दोनदा सांगायला तो काही त्यांचा सासरा नव्हता.

आई तेव्हा व्हरांड्यात एका मुलाच्या गुडघ्यातला काटा काढत होती. तिला हे कुणी सांगितलंच नाही. गोठ्यातलं तिला कुणी काही सांगत नसे.

पहिल्या रविवारी काही झालं नाही. सोमवारी सकाळी दूध जरा जास्तच निघालं, बाबा खूश झाले. दुसऱ्या रविवारी गाई अंधार पडेपर्यंत हंबरत राहिल्या. बाबा म्हणाले, उकाडा आहे.

सहांपैकी सगळ्यांत जास्त दूध देणारी गाय काळी-पांढरी होती. धार काढणाऱ्याचा हात चुकला की ती मान वळवून त्याच्याकडे बघायची, म्हणून मुकादमाने तिचं नाव मास्तरीण ठेवलं होतं. दिवसाच्या चौतीस लिटरमधलं नऊ लिटर तिचं एकटीचं. तिसऱ्या रविवारनंतरच्या सोमवारी ती उठेना. मुकादमाने तिला रेटून उभं केलं, खाली बसला, आणि त्याने कासेला हात लावताच तिने बादली उडवली.

"दगडी झालीय," तो म्हणाला.

मी खाली वाकून हात लावून पाहिला. कासेचा डावा मागचा भाग भाजलेल्या विटेसारखा, टणक आणि गरम. सडातून काढलेल्या पहिल्या धारेत पिवळट पाणी आणि त्यात फुटलेल्या दह्यासारखे कण होते. मी काळ्या ताटलीत ते धरलं. पुस्तकात याचा रंगीत फोटो होता आणि त्याखाली जिवाणूंची यादी होती. ती मला पाठ होती. एका संध्याकाळची धार चुकली तर काय होतं, हे त्याच प्रकरणात चार पानं आधी होतं.

बाबा भिंतीला पाठ लावून उभे होते. "काय झालंय?"

"दूध तुंबलं, साहेब," मुकादम म्हणाला.

"कशाने?"

मुकादमाने पडलेली बादली उभी केली. मामी "ऐका" म्हणाली नाही.

तेवढ्यात आई आली. बादलीच्या आवाजाने आली होती, हातात अजून चिमटा होता. तिने कास पाहिली, ताटली पाहिली आणि मला विचारलं, "कधीपासून काढली नाही धार?"

मी सांगितलं. रविवारचंही सांगितलं.

आई बाबांकडे वळली. आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर बरं झालं असतं. "संध्याकाळची धार बंद."

"मला वाटलं, माणसांना विसावा..."

"माणसांना. हिला कुठला विसावा? तुमचं मशीन आहे का हे, बटण बंद केलं की गप बसायला? हिच्या वेळेला," तिने चिमट्याने माझ्याकडे दाखवलं, "पोरगी एक रात्र प्यायली नाही तर माझं काय झालं होतं? ताप एकशे तीन. हात वर उचलता येत नव्हता. आठवतंय?"

बाबा शर्टाच्या बाहीचं बटण चाचपू लागले.

"कसं आठवेल. तुम्ही छापखान्यात होतात, गीतांचं पुस्तक निघायचं होतं. घरात नर्स आहे. पोटुश्या, बाळंतिणी, दूध आटलेल्या, दूध दाटलेल्या, सगळ्या हाताखालून गेल्या. एका शब्दाने विचारायचं होतं. पण मला कशाला विचाराल? मी सोबत आहे."

मुकादम दाव्याची गाठ सोडून परत बांधत होता. ती आधीच नीट बांधलेली होती.

जनावरांचा डॉक्टर दुपारी मोटारसायकलवर आला. घामाने त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. त्याने इंजेक्शन दिलं, सडात सोडायच्या ट्यूबा दिल्या आणि म्हणाला, "गरम पाण्याने शेका. दर दोन तासांनी तो सड मोकळा करा, थेंबसुद्धा आत ठेवू नका. औषध चालू आहे तोवर आणि शेवटच्या ट्यूबनंतर चार दिवस हिचं दूध ओतून द्यायचं. चारही सडांचं. माणसांच्या पोटात जाता कामा नये." मग तो बाबांना म्हणाला, "कुणाची अक्कल होती ही, रविवारी धार बंद?"

"माझी," बाबा म्हणाले.

डॉक्टरने त्यांच्या इस्त्रीच्या कॉलरकडे पाहिलं आणि मोटारसायकलला किक मारली.

दर दोन तासांनी सड मोकळा करायचा म्हणजे एका माणसाने तिथेच बसायला हवं. मुकादमाला बाकीच्या पाच गाई, मामीला चारा. गवत सुकत चाललं होतं, ती कापायला रोज थोडी आणखी लांब जात होती. मी पुढे झाले, पण बाबांनी स्टूल ओढलं. आधी ते गाईपासून इतक्या लांब बसले की हात पोचेना.

"डोकं टेका तिच्या पोटाला," मुकादम म्हणाला.

"डोकं?"

"मग तिला कळतं माणूस कुठाय ते. लाथ मारायच्या आधी अंग हलतं, ते तुम्हालाही कळेल."

बाबांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि कपाळ टेकलं. मास्तरणीने मान वळवून बघितलं. पहिल्या दिवशी दोन लाथा बसल्या, एक नडगीवर, एक मनगटावर. मनगट सुजलं. आईने ते जरुरीपेक्षा घट्ट बांधलं. शेकायचं पाणीही तीच आणायची. कोपराने गरमपणा बघायची, बाळाच्या अंघोळीचं बघतात तसा, आणि फडकं पिळून कासेवर धरायची. त्या दोघांची डोकी एकाच गाईच्या दोन बाजूंना असायची आणि भांडण पोटाखालून चालायचं.

"जोरात नका ओढू. पिळा. वरून खाली."

"पिळतोच आहे."

"ओढताय. ती काय घंटेची दोरी आहे?"

"तू काढ मग."

"मी काढली असती. मला कुणी या सेवेत घेतलं नाही."

अक्षरं जुळवणारी बोटं हळूहळू शिकली. अंगठा आणि पहिलं बोट वर बंद करायचं, मग एकेक बोट खाली. पिवळं पाणी पांढरट झालं, कण बारीक झाले, मग गेले. मी रोज ताटलीत थोडं दूध घेऊन त्यात भांड्यांचा साबण ढवळायची. दूध बिघडलेलं असेल तर ते जेलीसारखं घट्ट होतं. मुकादम म्हणायचा, "ताई, आता ताटली घासून पण टाका." एका सकाळी ते पातळच राहिलं. कास मऊ झाली होती, आणि मास्तरीण रवंथ करत होती.

मधल्या काळात हिशोब साधा होता. चौतीसमधून नऊ गेले. वसतिगृहाला पाच लिटर कमी पडत होतं. वॉर्डनने पाणी घालून भागवलं आणि सेक्रेटरींना फोन केला.

रविवारची धार परत सुरू झाली. बाबा उपासना आवरती घ्यायला लागले. प्रवचन इतकं आखूड झालं की वसतिगृहाची मुलं खूश झाली. मुकादमाची संध्याकाळ मात्र बाबांनी काढून घेतली नाही. एका रविवारी दोन गाई ते स्वतः पिळायचे, दोन मी, दोन मामी. पुढच्या रविवारी मामीला सुट्टी आणि मुकादम कामाला. मुकादम सुट्टीच्या दिवशीही येऊन गव्हाणीवर बसायचा आणि आमच्या चुका सांगायचा.

त्यातल्याच एका रविवारी संध्याकाळी सेक्रेटरी आले. न कळवता आले. चकचकीत बूट, हातात पिशवी. गोठ्याच्या दारात थांबून त्यांनी बाबांना बाही वर करून स्टुलावर बसलेलं पाहिलं.

"पास्टर, आज रविवार आहे."

"हो," बाबा गाईच्या पोटाला डोकं टेकूनच म्हणाले.

"तुम्ही रविवारची धार बंद केली असं मी ऐकलं होतं. कमिटीत काहींना आवडलंही होतं."

"बरोबर ऐकलंत. चूक झाली होती."

सेक्रेटरींनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. ते आत आले, शेण चुकवत, बाबा पूर्वी चालायचे तसेच. "उद्या सकाळी कमिटी बसतेय," ते म्हणाले. "मी तुमच्या बाजूने बोलेन, पण मला आकडा लागेल. आज किती?"

"सकाळचं चौदा लिटर दोनशे," मी म्हणाले. "ते वर गेलं. आताचं चालू आहे."

पाच गाई झाल्या होत्या. मास्तरीण शेवटी असायची, आजारी गाय नेहमी शेवटी पिळतात. सेक्रेटरींनी कॅनमध्ये डोकावून पाहिलं. "बाराच्या आसपास दिसतंय. म्हणजे सव्वीस. ही एक राहिलीय ना? ही किती देते?"

"चार-साडेचार," मुकादम गव्हाणीवरून म्हणाला.

"तीस झाले की," सेक्रेटरी म्हणाले. त्यांचा चेहरा खुलला. वाईट माणूस नव्हता. त्यांना खरंच आमच्या बाजूने बोलायचं होतं.

बाबा शेवटची धार काढून उठले. बादली भरलेली होती, वर फेस. पांढरं, स्वच्छ दूध. मी सकाळीच तपासलं होतं, साबणात पातळ राहिलं होतं. बाबा ती घेऊन कॅनपर्यंत गेले. गाळणी कॅनवरच होती. ते तिथे थांबले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"बाबा, शेवटची ट्यूब परवा दिलीय," मी म्हणाले.

"म्हणजे?" सेक्रेटरींनी विचारलं.

"चार दिवस हिचं दूध द्यायचं नाही. औषध उतरतं त्यात."

"पण दिसायला तर छान आहे. आणि वर उकळूनच देतात ना?"

"उकळून जिवाणू मरतात. हे औषध जात नाही."

"बघा, एका दिवसाचा प्रश्न आहे," सेक्रेटरी बाबांना हळू आवाजात म्हणाले. "ऐंशी मुलांत वाटलं तर थेंब थेंब येईल. मी काही आग्रह करत नाही. फक्त उद्या मला विचारतील, आणि मी खोटं बोलणार नाही. तुम्हीच ठरवा."

बाबांचा हात बादलीच्या दांडीवर होता, मनगटाची पट्टी मळून काळी झालेली. त्यांनी व्हरांड्याकडे पाहिलं. तिथे आईचा बाक होता, पडदा होता, आणि उद्या येणाऱ्या बायकांसाठी तिने धुऊन वाळत घातलेली फडकी होती. त्यांनी बादली जराशी वर उचलली. मग परत खाली घेतली. मग परत उचलली.

"होईल काहीतरी..." ते म्हणाले.

आई गरम पाण्याचं पातेलं घेऊन येत होती. दारातून तिने सगळं ऐकलं असावं, किंवा बादली वर-खाली होताना बघूनच तिला कळलं असावं. तिने पातेलं जमिनीवर ठेवलं, ओले हात पदराला पुसले.

"काय चाललंय हे? उचलायची तर उचला, ठेवायची तर ठेवा. एवढ्याशा गोष्टीला माणूस किती वेळ लावतो?"

"आज तीस झालं तर..." बाबा म्हणाले. "तुझा व्हरांडा आहे."

"माहितीय मला कुणाचा काय आहे." तिने त्यांच्या हातून बादली घेतली. "ऐंशी पोरं आहेत वर. त्यांतल्या तिघांना अंगावर पित्त उठतं, एकाला औषधाने श्वास लागतो, कशाने ते मला अजून कळलेलं नाही. तुम्ही कुणी बघितलंय त्यांना? सेक्रेटरी साहेब, पाय मागे घ्या."

सेक्रेटरींनी पाय मागे घेतला. आईने बादली मोरीत पालथी केली. दूध फेसासकट नालीतून वाहत खाली उतारावर गेलं, आणि मामीने त्यामागे पाण्याची एक बादली ओतली.

मुकादम गव्हाणीवरून उतरला. गाळणी कॅनवरून काढून त्याने ती झटकली आणि खुंटीला लावली. मास्तरणीने मान वळवून एकदा सगळ्यांकडे पाहिलं.

"मोज," आई मला म्हणाली.

मी माप धुतलं, निथळवलं आणि पाच गाईंचं दूध लिटरालिटराने दुसऱ्या कॅनमध्ये ओतलं. शेवटचं माप भरलं नाही. मी ते डोळ्यांच्या पातळीला धरलं आणि फेस खाली बसेपर्यंत थांबले. सेक्रेटरी, बाबा आणि आई उभे होते.

संध्याकाळचं अकरा लिटर सातशे. दिवसाचं एकूण पंचवीस लिटर नऊशे मिलिलिटर.